नैराश्य, चिंता, ताण आणि माइंडफुलनेसवर आधारित उपचार: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

डॉक्टरांनी ‘माइंडफुलनेस करून बघा’ असं सांगितलं आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं, अशी वेळ आलेल्यांसाठी मुख्यतः हे पान आहे. घरात कुणाला नैराश्य आहे आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर रोज ध्यानाचा नवा व्हिडिओ येऊन पडतोय, अशांनाही ते उपयोगी पडेल. माइंडफुलनेस म्हणजे आत्ता आपल्या आत आणि आजूबाजूला काय चाललंय तिकडे, बरंवाईट न ठरवता, लक्ष देण्याचा सराव.

एक गोष्ट आधी. जगणं नकोसं वाटत असेल, स्वतःचं काही बरंवाईट करावं असे विचार येत असतील, तर हे पान बाजूला ठेवा आणि १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक लावा. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. घरातल्या एखाद्या माणसालाही लगेच सांगा.

हा ध्यानाचा क्लास आहे की उपचार?

उपचार. त्यात ध्यानाचे सराव आहेत, पण त्यांची मांडणी, क्रम आणि हेतू दवाखान्यातला आहे. सध्या दोन कार्यक्रम सगळ्यांत जास्त वापरले जातात आणि दोघांच्या नावांत लोकांचा घोळ होतो, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

पहिला एमबीएसआर (माइंडफुलनेस-बेस्ड स्ट्रेस रिडक्शन), ताण कमी करण्यासाठीचा. १९७९ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात, वूस्टर शहरात, जॉन कबाट-झिन यांनी तो सुरू केला. हे गृहस्थ मूळचे रेणू-जीवशास्त्रज्ञ. जुनी पाठदुखी, न थांबणाऱ्या वेदना असलेले जे रुग्ण ‘आता आणखी काही करता येणार नाही’ असं ऐकून परतायचे, ते त्यांच्याकडे पाठवले जायचे. दुखणं घालवण्याचं आश्वासन तिथे नव्हतं. दुखण्यासोबत दिवस कसा काढायचा, हे शिकवलं जायचं.

दुसरा एमबीसीटी (माइंडफुलनेस-बेस्ड कॉग्निटिव्ह थेरपी). हा खास नैराश्यासाठी रचलेला आहे. टोरांटोचे झिंडेल सेगल, वेल्समधले मार्क विल्यम्स आणि केंब्रिजचे जॉन टीझडेल या तिघांना १९९० च्या दशकात एक काम मिळालं होतं: नैराश्यातून बरे झालेल्यांना ते पुन्हा होऊ नये यासाठी काहीतरी तयार करायचं. तिघेही आकलनात्मक उपचारातले, म्हणजे विचारांची तपासणी करून भावना बदलणाऱ्या परंपरेतले. त्यांच्या उपचारात ध्यानाला जागा नव्हती. वूस्टरला जाऊन कबाट-झिन यांचे वर्ग बघितल्यावर त्यांनी आपला आराखडा बदलला. म्हणून एमबीसीटीमध्ये दोन्ही आहे: वूस्टरचे सराव, आणि नैराश्यात विचार कसे चालतात याचं या तिघांचं ज्ञान.

एकदा बरं झाल्यावर नैराश्य पुन्हा का येतं? आणि यात श्वासाकडे बघून काय होणार?

सगळा उपचार या एका प्रश्नावर उभा आहे.

एकदा नैराश्य येऊन गेलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना ते पुन्हा गाठतं. दोनदा, तीनदा झालं की शक्यता आणखी वाढते. आणखी एक चमत्कारिक गोष्ट दिसते. पहिल्या वेळी बहुधा काहीतरी मोठं घडलेलं असतं: मृत्यू, घटस्फोट, नोकरी जाणं. नंतरच्या वेळी एवढं मोठं कारण लागत नाही. रविवारची संध्याकाळ, थोडा थकवा, साहेबांनी मेसेज वाचून उत्तर दिलेलं नाही. एवढ्यावरही गाडी घसरते.

टीझडेल आणि सहकाऱ्यांचं स्पष्टीकरण असं: नैराश्याच्या काळात खिन्न मनःस्थिती आणि ‘मी कुचकामी आहे’, ‘माझ्याच्यानं काही होणार नाही’ हे विचार महिनोन्‌महिने एकत्र राहतात. त्यांची जोडी जमते. मग बरं झाल्यावरही मन जरा उतरलं की ते सगळे जुने विचार एकदम हजर होतात. ज्याला कधी नैराश्य झालं नाही त्याच्यासाठी तीच संध्याकाळ फक्त कंटाळवाणी असते.

पुढचा टप्पा जास्त घातक. आपण त्या विचारांचा निकाल लावायला बसतो. ‘मला असं का होतंय? मागच्या वेळी असंच सुरू झालं होतं. बाकीच्यांना जमतं, मलाच का नाही?’ हे उगाळणं आतून प्रश्न सोडवल्यासारखं वाटतं, म्हणून ते थांबवावंसंही वाटत नाही. हिशेबातली चूक शोधताना असा विचार कामाचा असतो. पण दुःख म्हणजे हिशेबातली चूक नव्हे. जितकं उगाळावं तितकं मन खाली जातं, आणि मन खाली गेलं की उगाळायला आणखी माल मिळतो.

एमबीसीटी इथे हात घालतं. घसरण सुरू झाल्याचं पहिल्या काही मिनिटांत, पहिल्या काही दिवसांत ओळखता यावं, ही त्यातली मुख्य शिकवण. दूध उतू गेल्यावर ओटा पुसत बसण्यापेक्षा ते वर यायला लागताच गॅस बारीक करावा, तसं. आणि ओळखायचं तर आत काय चाललंय तिकडे लक्ष जायची सवय हवी. श्वासाचा सराव त्यासाठी आहे. श्वासात स्वतःचं असं काही औषध नाही. तो कायम सोबत असतो आणि फुकट असतो, म्हणून सोयीचा.

सराव मुरला की ‘मी कुचकामी आहे’ याच्याऐवजी ‘“मी कुचकामी आहे” हा विचार पुन्हा आलाय’ असं जाणवायला लागतं. कागदावर दोन वाक्यांत फारसा फरक दिसत नाही. पण ज्याने ते पहिलं वाक्य तीन हिवाळे खरं मानून काढलेत त्याला हा फरक विचारा.

म्हणजे सकारात्मक विचार करायचा ना?

नाही. वाईट विचाराच्या जागी चांगला विचार बसवण्याचा इथे प्रयत्नच नसतो. आरशासमोर उभं राहून ‘मी आनंदी आहे’ म्हणणं नैराश्यातल्या माणसाला बहुतेकदा आणखी खोटं वाटतं.

आठ आठवड्यांत नेमकं काय करून घेतात?

आठवड्यातून एकदा दोन ते अडीच तासांचं सत्र, आठ ते पंधरा जणांचा गट, आणि घरी रोजचा सराव. मूळ आराखड्यात तो आठवड्यातले सहा दिवस, साधारण पाऊण तास असतो. सहाव्या आठवड्याच्या आसपास एक पूर्ण दिवस मौनात घालवतात. कार्यक्रम सुरू होण्याआधी प्रत्येकाशी एकट्याने बोलणं होतं. ते होत नसेल तर मी त्या गटात जाणार नाही.

पहिल्याच सत्रात हातावर एक मनुका ठेवतात. तो बघायचा, बोटांत फिरवायचा, कानाशी नेऊन दाबायचा, हुंगायचा, आणि मग कुठे जिभेवर ठेवायचा. हसू येतं. यायलाच हवं. पण आपण मूठभर मनुके एरवी कधी आणि कसे संपवतो, हे त्या पाच मिनिटांत उघडं पडतं. जेवण, अंघोळ, गाडी चालवणं सगळं असंच होत असतं आणि त्याच वेळात डोक्यात उगाळणं चालू असतं.

मग चटईवर झोपून पायाच्या अंगठ्यापासून डोक्यापर्यंत लक्ष फिरवायचं. डाव्या पोटरीत काय जाणवतंय? काहीच जाणवत नसेल तर तेही ठीक. यात निम्मा गट घोरतो. पुढच्या आठवड्यांत बसून श्वासाकडे, आवाजांकडे, विचारांकडे लक्ष देणं येतं. सावकाश चालणं आणि हलकी आसनंही असतात. दिवसातून काही वेळा करायचा तीन मिनिटांचा एक छोटा सराव शिकवतात: आत्ता आत काय चाललंय ते बघा, श्वासावर या, मग लक्ष सगळ्या शरीरापर्यंत पसरू द्या. कार्यक्रम संपल्यावर पाऊण तासाचा सराव बऱ्याच जणांचा सुटतो, तीन मिनिटं मात्र टिकतात. ट्रेनमध्ये, लिफ्टमध्ये, ऑफिसच्या स्वच्छतागृहात.

चौथ्या-पाचव्या आठवड्यापासून काम अवघड होतं. आतापर्यंत ज्याच्यापासून पळत होतो ती अस्वस्थता शरीरात कुठे बसलीय, छातीत की घशात की पोटात, हे बघायला सांगतात. तिला हाकलायचं नाही. गळती इथेच होते.

शेवटच्या दोन सत्रांत वही-पेन लागतं. रोजच्या कामांची यादी करायची आणि कुठलं काम बळ देतं, कुठलं शोषून घेतं ते लिहायचं. मग स्वतःच्या घसरणीच्या खुणा: कुणाला पहाटे चारला जाग येते, कुणी फोन उचलणं बंद करतं, कुणी दाढी करायचं सोडतं, कुणी घरच्यांवर खेकसायला लागतं. या खुणा दिसल्या की काय करायचं, कुणाला सांगायचं, हेही लिहून ठेवतात. त्या कागदाची एक प्रत जोडीदाराला द्यायची, कारण खुणा आधी त्यालाच दिसतात.

याचा खरंच उपयोग होतो का?

पुन्हा पुन्हा येणाऱ्या नैराश्यासाठी पुरावा चांगला आहे. एमबीसीटी रचणाऱ्या त्या तिघांनी मिळून केलेली पहिली मोठी चाचणी २००० साली प्रसिद्ध झाली. १४५ जण, सगळे नैराश्यातून बाहेर आलेले. ज्यांना आधी तीन किंवा जास्त वेळा नैराश्य झालं होतं त्यांच्यात नेहमीचेच उपचार घेणाऱ्यांपैकी ६६ टक्क्यांना वर्षभरात ते परत आलं, एमबीसीटी घेणाऱ्यांपैकी ३७ टक्क्यांना. दोनदाच झालेल्यांना मात्र काहीही फायदा दिसला नाही. हा भाग जाहिरातींत येत नाही.

त्यानंतर २००४ मध्ये ब्रिटनच्या नाइस या संस्थेने, जी तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत कुठले उपचार द्यावेत हे सुचवते, तीन किंवा अधिक वेळा नैराश्य झालेल्यांसाठी एमबीसीटीची शिफारस केली. २०१६ साली नऊ चाचण्यांमधल्या १,२५८ रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा साठ आठवड्यांत एमबीसीटी घेतलेल्यांपैकी ३८ टक्क्यांना नैराश्य परतलं, न घेतलेल्यांपैकी ४९ टक्क्यांना. फरक खरा आहे, पण बेताचा. ज्यांची थोडीफार लक्षणं मागे रेंगाळत होती त्यांना फायदा जास्त झाला.

थोडक्यात, शंभर टक्के बरे व्हाल असं सांगणाऱ्याकडून फी परत मागा.

मला नैराश्य नाही, चिंता आहे. छातीत धडधडतं, रात्रभर डोकं चालू राहतं.

चिंतेसाठीही उपयोग होतो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेली अमेरिकेतली एक चाचणी इथे महत्त्वाची आहे. चिंतेचे विकार असलेल्या २७६ जणांपैकी निम्म्यांना आठ आठवड्यांचा एमबीएसआर दिला, निम्म्यांना एस्सिटालोप्राम ही आपल्याकडेही सर्रास लिहून दिली जाणारी गोळी. आठ आठवड्यांनी दोन्ही गटांतली चिंता जवळपास सारखीच कमी झालेली होती. आपण काय घेतोय हे रुग्णांना अर्थातच माहीत होतं, आणि वर्गाला रोज वेळ द्यावा लागतो, गोळीला पाणी. हे दोन्ही लक्षात ठेवून निकाल वाचावा.

पॅनिक ॲटॅक येणाऱ्यांसाठी एक सूचना, जी व्हिडिओंमध्ये क्वचितच असते. श्वासाकडे लक्ष दिल्यावर तुमची घाबरगुंडी वाढत असेल तर श्वास सोडून द्या. पावलं जमिनीला कुठे टेकलीत तिकडे लक्ष न्या, किंवा पंख्याचा, रस्त्यावरचा आवाज ऐका. डोळे उघडे ठेवा. सराव तोच राहतो. चांगला शिक्षक हे पहिल्याच दिवशी सांगतो.

मला आजार वगैरे नाही, नुसता कामाचा ताण आहे.

एमबीएसआर तुमच्यासाठीही आहे. एक विचारतो मात्र: ताण कशाचा आहे? तीन माणसांचं काम एकाकडे असेल, पगार दोन महिने अडकला असेल, साहेब रात्री अकराला फोन करत असेल, तर पहिला उपाय श्वासाचा नाही. कंपन्या शुक्रवारी दुपारी माइंडफुलनेसची कार्यशाळा ठेवतात आणि सोमवारी टार्गेट वाढवतात. असल्या कार्यशाळांबद्दल मला फार आदर नाही. सरावाने एवढं होऊ शकतं, की साहेबाला उत्तर चिडून द्यायचं की विचार करून, यासाठी दोन क्षण हाती येतात. नोकरी बदलायची का हे ठरवायलाही ते क्षण कामाला येतात.

गोळ्या बंद करता येतील का?

स्वतःच्या मनाने कधीही नाही. नैराश्याच्या गोळ्या एकदम सोडल्या तर चक्कर, मळमळ, झोप उडणं, चिडचिड असे त्रास होऊ शकतात. बरेच जण त्यालाच आजार परत आला असं समजतात, आणि कधी कधी तो खरोखरच परत आलेला असतो.

गोळ्या हळूहळू कमी करायच्या असतील तर त्या काळात एमबीसीटीचा आधार घेता येतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या, ब्रिटनमधल्या ४२४ रुग्णांवरच्या चाचणीत एका गटाने गोळ्या चालू ठेवल्या, दुसऱ्याने एमबीसीटी घेत डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्या कमी केल्या. दोन वर्षांत पहिल्या गटात ४७ टक्के आणि दुसऱ्यात ४४ टक्के जणांना नैराश्य परत आलं. संशोधकांना एमबीसीटी सरस ठरेल अशी आशा होती. ते सरस ठरलं नाही, बरोबरीत सुटलं. गोळी नको असणाऱ्यासाठी मात्र बरोबरीही मोठी बातमी आहे. कधी आणि किती कमी करायची हे तुमच्या मनोविकारतज्ज्ञांनी ठरवायचं. गोळी आणि सराव दोन्ही एकत्र चालतात, त्यात काही भांडण नाही.

हे विपश्यनाच ना? मग थेट इगतपुरीलाच जातो.

नातं जवळचं आहे. विपश्यनेचे आचार्य सत्यनारायण गोयंका १९६९ मध्ये ब्रह्मदेशातून भारतात आले आणि १९७६ मध्ये इगतपुरीला धम्मगिरी हे विपश्यना केंद्र उभं राहिलं. एमबीएसआरमधला शरीरभर लक्ष फिरवण्याचा सराव कबाट-झिन ज्या परंपरेतून शिकले ती गोयंकांचे गुरू ऊ बा खिन यांचीच. त्यामुळे धम्मगिरीला जाऊन आलेल्यांना या वर्गात बरंच ओळखीचं वाटतं.

पण तुमचा ‘थेट’ हा शब्द काळजीचा आहे. तिथला शिबिरार्थी पहाटे चारला उठतो, दिवसाचे जवळपास दहा तास बसतो, दहा दिवसांतले बहुतेक पूर्ण मौनात काढतो. घरी जाता येत नाही, फोन नाही, पुस्तक नाही. निरोगी माणसाला हे झेपतं, बऱ्याच जणांचं त्याने भलंही झालंय, आणि फी नसते, शिबिर पूर्ण केलेले साधक दान देतात. गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी येऊ नये, हे विपश्यनेच्या नियमावलीतच लिहिलेलं आहे. अर्जात आजार लपवून जाणारे असतात. कृपा करून तसं करू नका. एमबीसीटीत आठवड्याला एकच सत्र असतं, संध्याकाळी माणूस आपल्या घरी जातो, आणि समोर नैराश्य ओळखणारा कुणीतरी असतो. आजारी माणसासाठी ही रचना मुद्दाम केलेली आहे.

आम्ही रोज हरिपाठ म्हणतो, जप करतो. आई प्राणायाम करते. वेगळं कशाला?

जे चाललंय ते चालू द्या. जपात मन एका नावावर टिकवायचं असतं, हरिपाठात आवाज असतो, सोबत असते, श्रद्धा असते, आणि एकाकी माणसाला सोबत फार मोठी वाटते. माइंडफुलनेसमध्ये मन भटकून कुठे गेलं हे बघण्यावर भर असतो. म्हणून नैराश्याच्या जुन्या विचारांची ओळख पटवायला ते जास्त सरळ पडतं. हा उपचार कुठल्या देवाचा नाही, आणि कुठला देव सोडायलाही सांगत नाही. ‘नामस्मरण करतोस तरी डिप्रेशन कसं आलं?’ असं मात्र कुणाला विचारू नये. मधुमेहाबद्दल आपण असं विचारत नाही.

माझं मन रिकामं होतच नाही. बसलं की विचार दुप्पट येतात.

रिकामं व्हायचंही नाही. श्वासावर लक्ष ठेवलं, दहा सेकंदांत सिलिंडर बुक करायचं राहिलंय हे आठवलं, तिथून मन वहिनी लग्नात काय बोलली तिथे पोचलं, आणि कधीतरी ध्यानात आलं की आपण श्वास सोडून भलतीकडेच आहोत. ते जे ध्यानात आलं, तेच हवं होतं. परत या. पुन्हा जाल, पुन्हा या. परत येताना स्वतःला शिवी न देणं हा या सरावाचा अर्धा भाग आहे आणि नैराश्यातल्या माणसाला तोच सगळ्यांत जड जातो.

विचार दुप्पट झाल्यासारखे वाटतात, कारण आता ते दिसतात.

वन-रूम-किचनमध्ये पाच माणसं राहतो. पाऊण तास कुठे बसू? आणि झोपच लागते.

कपडे वाळत घालताना, भाजी निवडताना, बसस्टॉपपर्यंत चालतानाही सराव होतो. गच्ची असेल तर गच्ची. टीव्हीचा आवाज हाही लक्ष द्यायचा विषय होऊ शकतो, फक्त मालिका ऐकत बसू नका. सासूबाई ‘काय गं, डोळे मिटून काय बसलीस?’ असं विचारणारच. ‘डॉक्टरांनी सांगितलंय’ हे उत्तर आपल्याकडे अजून चालतं.

झोप लागत असेल तर आडवं न होता बसून करा, डोळे अर्धे उघडे ठेवा. तरीही लागलीच तर बहुधा तुम्हाला झोपेची गरज आहे.

याने अपाय होऊ शकतो का?

होऊ शकतो. ध्यानाच्या अभ्यासांचा आढावा २०२० साली घेतला गेला, त्यात साधारण ८ टक्के लोकांना काही ना काही त्रास झाल्याचं दिसलं. बहुतेकदा चिंता वाढणं किंवा मन खचणं, क्वचित स्वतःपासून तुटल्यासारखं वाटणं. बरेच दिवस चालणाऱ्या मौन शिबिरांत धोका जास्त, आठवड्यातून एकदाच्या वर्गात कमी.

लहानपणी अत्याचार, अपघात, हिंसा सोसलेल्यांना शरीराकडे लक्ष देताना ते प्रसंग अंगावर धावून येऊ शकतात. त्यांनी हा सराव आघातावर काम करणाऱ्या तज्ज्ञाच्या सोबतीनेच करावा. भास होत असतील, उन्मादाचा झटका चालू असेल, दारू किंवा नशा सुटलेली नसेल, आत्महत्येचे विचार जोरात असतील, तर आधी ते उपचार. सराव नंतर. त्रास झाला आणि शिक्षक म्हणाला ‘हे शुद्धीकरण आहे, बसून राहा’, तर उठून या.

ध्यानाने मेंदूची रचना बदलते म्हणे?

आठ आठवड्यांत मेंदूचे काही भाग जाड झाल्याचा एक अभ्यास २०११ मध्ये गाजला होता. २०२२ मध्ये जास्त लोकांवर, जास्त काटेकोरपणे केलेल्या अभ्यासात तसा बदल सापडला नाही. तुम्हाला बरं वाटणं महत्त्वाचं, स्कॅनमध्ये काय दिसतं ते संशोधकांवर सोडा.

शाळेत सगळ्याच मुलांना शिकवलं तर?

ब्रिटनमध्ये ८,००० हून जास्त मुलांवर हे करून पाहिलं. २०२२ मध्ये निकाल आला: सरसकट सगळ्या वर्गाला शिकवल्याने नैराश्य कमी झालं नाही. बहुतेक मुलांनी घरी सरावच केला नव्हता, आणि त्यांना दोष कसा द्यायचा? एखाद्या चिंताग्रस्त मुलाला त्याच्या इच्छेने, तज्ज्ञाकडून शिकवणं ही वेगळी गोष्ट.

ॲप किंवा यूट्यूबवर भागेल का?

ताणासाठी सुरुवात म्हणून चालेल. पुन्हा पुन्हा नैराश्य होत असेल तर नाही. रेकॉर्डिंगला तुम्ही रडताय हे कळत नाही. गटाचा एक फायदा ॲपमध्ये येऊच शकत नाही: ‘माझ्या डोक्यात जे चालतं ते याच्याही डोक्यात शब्दशः तसंच चालतं’ हे समोरच्या अनोळखी माणसाच्या तोंडून ऐकणं.

शिकवणारा बरा आहे हे कसं ओळखू?

विचारा. तुम्ही मानसशास्त्रज्ञ आहात का, मनोविकारतज्ज्ञ आहात का? क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असाल तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का? एमबीसीटी किंवा एमबीएसआर शिकवण्याचं प्रशिक्षण कुठे घेतलंत? स्वतः सराव करता का? एखाद्याला वर्गात त्रास झाला तर तुम्ही काय करता? शेवटच्या प्रश्नावर जो गडबडतो त्याच्याकडे जाऊ नका. समुपदेशक अशी पाटी आपल्याकडे कुणीही लावतो, म्हणून विचारायला संकोच नको. गोळ्या बंद करायला सांगणारा, आठ दिवसांत कायमचा इलाज सांगणारा, किंवा आपल्या गुरूचा फोटो समोर ठेवून बसवणारा, तिघांनाही नमस्कार करून निघावं.

महाराष्ट्रात, गोव्यात कुठे जायचं? खर्च?

आठ आठवड्यांचा पूर्ण कार्यक्रम मराठीत चालवणारे थोडे आहेत, तेही प्रामुख्याने मुंबई, ठाणे, पुण्याकडे. इतर ठिकाणी एखादे मानसशास्त्रज्ञ हेच सराव एकेकट्या रुग्णाला शिकवतात, तेही चालतं. निदान आणि औषधांसाठी जिल्हा रुग्णालयातला मनोविकार विभाग आहे. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालयं बाह्यरुग्णही तपासतात. गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था आहे. तिकडे जायला लाजणारे लोक खाजगीत पैसे घालवतात आणि अर्ध्यावर सोडतात.

विम्याचं सांगायचं तर, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने शारीरिक आजारांइतकंच संरक्षण मानसिक आजारांना द्यायला विमा कंपन्यांना बांधील केलंय. पण बऱ्याच पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरचाच खर्च देतात, म्हणून आधी कागद वाचा. ब्रिटनमधल्या मराठी मंडळींना सरकारी आरोग्यसेवेतून एमबीसीटी मोफत मिळू शकतं, बहुतेकदा इंग्रजीत. मनातलं इंग्रजीत सांगायला जड जात असेल तर दुभाषी मागता येतो.

माझा भाऊ दोन महिने खोलीतून बाहेर येत नाही. त्याला हे करायला कसं पटवू?

आत्ता पटवू नका. एमबीसीटी मुळात नैराश्यातून वर आलेल्यांसाठी रचलेलं आहे. सौम्य नैराश्यात गटातला सराव उपयोगी पडतो, पण खोल गर्तेत असलेल्याला एकाग्र होताच येत नाही. तेही जमलं नाही, ही त्याच्या अपयशांच्या यादीत आणखी एक भर. त्याला आधी डॉक्टरांकडे न्या. थायरॉइड वगैरेची तपासणी ते करून घेतील. सोबत जा, बाहेर बाकावर बसा. घरी त्याच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत चहाला जाऊन या, उपदेश न करता. सरावाचं नाव तो सावरल्यावर काढा. सराव तुम्ही स्वतः सुरू केलात तर हरकत नाही, आजाऱ्याची देखभाल करणाऱ्याचंही मन थकतं.

मी केलं, मला नाही जमलं. आता?

मग दुसरं काही. माइंडफुलनेस व्यायामापेक्षा, औषधांपेक्षा किंवा इतर मानसोपचारांपेक्षा श्रेष्ठ आहे असं २०१४ साली ४७ चाचण्यांचा आढावा घेतला तेव्हाही दिसलं नव्हतं. आकलनात्मक उपचार आहेत. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांचा विवेकनिष्ठ मानसोपचार कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवला, तो शिकलेले समुपदेशक इथे सापडतात. आणि गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये एक प्रयोग झाला, तो मला फार मोलाचा वाटतो. तीव्र नैराश्याच्या जवळपास ५०० रुग्णांपैकी अर्ध्यांना नेहमीच्या उपचारांसोबत सहा ते आठ बैठका दिल्या. त्या देणारे डॉक्टर किंवा मानसशास्त्रज्ञ नव्हते. प्रशिक्षण घेतलेली सामान्य माणसंच होती. त्यांनी रुग्णांना ध्यान शिकवलं नाही. आजारात सुटलेली कामं आणि आवडीच्या गोष्टी एकेक करून पुन्हा सुरू करायला लावल्या, भेटीगाठी वाढवायला लावल्या. तीन महिन्यांनी त्यांच्यातले ६४ टक्के नैराश्यातून बाहेर होते, नुसते नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी ३९ टक्के. डोळे मिटून बसणं ज्यांना मानवत नाही त्यांनी पुढच्या भेटीत डॉक्टरांना याबद्दल विचारावं.